गरी टाकण्याआधी मागे पाहा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गावी, दाभोळच्या खाडीकाठी जमलो होतो. कुवेतहून भाऊ आला होता. त्याच्या सामानात खजूर, अत्तर आणि ब्लँकेटबरोबर या वेळी एक लांबट कापडी पिशवी होती. तिच्यातून दोन तुकड्यांची नऊ फुटी काळी काठी आणि एक चकचकीत रीळ निघाले. पुतण्या पंधरा वर्षांचा. त्याने लगेच काठी जोडली, अंगणात उभे राहून हवेत दोन-तीनदा फिरवली आणि त्याच संध्याकाळी असरची नमाज झाल्यावर आम्ही लहान-मोठे सगळे धक्क्यावर गेलो.

आमच्या भागात गरवणे नवीन नाही. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक तंगुसाला शिसे आणि गरी बांधून, हातानेच गरगर फिरवून पाण्यात टाकत आले आहेत. जाळे घेऊन पागायला जाणारे वेगळे, गरी घेऊन गरवायला जाणारे वेगळे. पण रीळ लावलेली काठी आमच्यापैकी कुणी नीट हाताळली नव्हती. 'त्यात काय आहे, फेकायचीच तर आहे,' असे आम्हाला वाटले. आम्हा मोठ्यांनाच तसे वाटले, तर मुलांना काय दोष द्यायचा?

पुतण्याने गरीला कोळंबी लावली, काठी खांद्यावरून मागे नेली आणि क्रिकेटची बॅट फिरवावी तशी जोरात फिरवली. तंगूस पुढे गेलेच नाही. मागून एक किंकाळी आली. आमची धाकटी, नऊ वर्षांची, त्याच्या मागे चार पावलांवर उभी होती. गरी तिच्या ओढणीत अडकली होती आणि गालावर लाल रेघ उठली होती. डोळा आणि ती रेघ यांच्यात एका बोटाचे अंतर होते.

त्या वेळी आमच्यातला एकजण मोबाईलवर चित्रण करत होता, दुसरा फेरीबोटीकडे पाहत होता. मुलगी कुठे उभी आहे हे कुणीच पाहिले नव्हते. ओढणी कापून गरी काढली, जखम धुतली, डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. अलहम्दुलिल्लाह, ओरखड्यावरच निभावले. पण रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. धाकटी कुणाशी बोलेना. पुतण्याने काठी माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "माझ्यामुळे तिचा डोळा गेला असता. मी परत हात लावणार नाही." दादी तर म्हणाल्या, "ती काठी या घरात नकोच."

ओसरीवर आमचे चाचा बसले होते. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, मुले दादा म्हणतात. त्यांचे अर्धे आयुष्य जहाजावर गेले. निवृत्तीनंतर खाडी हेच त्यांचे दुसरे घर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "काठीचा काय गुन्हा? पोराचाही नाही. त्याला शिकवलं कुणी?"

बाणाचे टोक

मग त्यांनी मुलांना एक हदीस सांगितली. आम्ही ती अनेकदा वाचली होती, पण आपल्या अंगणाशी तिचा काही संबंध आहे असे कधी वाटले नव्हते. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचे टोक हाताने धरावे, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

चाचा म्हणाले, "बाण नेऊ नका असं सांगितलं नाही. टोक धरा असं सांगितलं. गरी म्हणजे बाणाचं टोकच आहे. ती आपल्या हातात आहे तोवर दुसऱ्याचा डोळा ही आपली जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते स्वतः पुतण्याला उठवायला गेले. एक अट घातली. पाच दिवस गरी लावायची नाही आणि पाण्याकडे जायचे नाही. भात कापून झालेल्या शेतात नुसते शिसे बांधून फेकायला शिकायचे. पुतण्या आधी नाहीच म्हणाला. चाचांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला. "मला आता टाकता येत नाही. मी सांगतो, तू टाक. माझ्यासाठी टाक." त्यावर तो उठला.

आधी काठी ओळखा

पहिला दिवस ओळख करून घेण्यात गेला. ज्यांच्या घरी अशी काठी आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी आम्ही हे थोडे सविस्तर लिहितो.

किनाऱ्यावरून गरवायला आठ ते दहा फुटांची काठी सोयीची. लहान मुलांना सहा-सात फुटांची पुरते. काठीवर छोट्या-छोट्या कड्या असतात, त्यांतून तंगूस ओवतात. दोन तुकडे जोडताना सगळ्या कड्या एका रेषेत आल्या पाहिजेत. एक जरी वाकडी राहिली तरी तंगूस घासते आणि अंतर कमी होते.

काठीखाली लटकणाऱ्या रिळाला तारेची एक कमान असते. ती उघडली की तंगूस मोकळे सुटते, मिटली की गुंडाळता येते. रिळाच्या फिरकीवर तंगूस किती भरावे याचाही नियम आहे: फिरकीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली. कमी भरले तर तंगूस कडेला घासून अडते. काठोकाठ भरले तर एकदम वेटोळी सुटून गुंता होतो.

तिसरी गोष्ट वजनाची. प्रत्येक काठीवर मुठीच्या वर किती वजन टाकावे ते छापलेले असते. ते वाचायचे. जड शिसे फेकताना तंगुसाला मोठा हिसका बसतो आणि बारीक तंगूस तुटून शिसे बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. म्हणून मुख्य तंगुसाच्या पुढे जाड तंगूस जोडतात. त्याचा सोपा हिशेब असा: शिशाच्या दर औंसाला दहा पौंड ताकद. दोन औंस, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम शिसे असेल तर निदान वीस पौंडांचे जाड तंगूस हवे. त्याची लांबी काठीच्या दुप्पट आणि शिवाय रिळावर चार-पाच वेढे बसतील इतकी ठेवावी. म्हणजे फेकताना सगळा ताण त्या जाड भागावर येतो.

शेतातली शाळा

दुसऱ्या दिवशी शेतात पंचवीस पावलांवर एक जुनी टोपली ठेवली. चाचा बांधावर खुर्ची टाकून बसले.

आम्ही शिक्षक. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की कौशल्य आधी करून दाखवावे, मग विद्यार्थ्याकडून करून घ्यावे. चाचांना करून दाखवता येत नव्हते. त्यामुळे प्रत्येक हालचाल त्यांना शब्दांत सांगावी लागली आणि ती इतकी लहान-लहान तुकड्यांत सांगावी लागली की आम्हीही ऐकत राहिलो. त्यांनी सांगितलेला क्रम आम्ही वहीत उतरवून घेतला. उजव्या हाताने टाकणाऱ्यासाठी तो असा:

१. उजव्या हाताने काठी धरा. रिळाची दांडी मधल्या बोटाच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये यावी. डावा हात मुठीच्या खालच्या टोकाशी.

२. शिसे काठीच्या टोकापासून दीड-दोन फूट खाली लोंबू द्या. अगदी टोकाशी गुंडाळलेले शिसे लांब जात नाही.

३. तर्जनीने तंगूस उचलून बोटाच्या पेरावर धरा. मग दुसऱ्या हाताने कमान उघडा. आता तंगूस फक्त तुमच्या बोटावर आहे. विणलेला बारीक दोरा असेल तर बोट कापते, म्हणून बोटाला चिकटपट्टी लावा किंवा हातमोजा घाला.

४. डावा पाय पुढे, उजवा मागे. नजर जिथे टाकायचे तिथे.

५. आता थांबा. मान वळवून मागे पाहा. डावीकडे, उजवीकडे आणि वरही पाहा.

६. काठी खांद्यावरून सावकाश मागे न्या. क्षणभर थांबा. शिशाचे झोके थांबू द्या.

७. आता पुढे. सुरुवात हळू, मग वेग वाढवत न्या. उजवा हात पुढे ढकलतो, त्याच वेळी डावा हात मुठीचे टोक पोटाकडे ओढतो. जोर दोन्ही हातांचा मिळून लागतो.

८. काठी उभ्या स्थितीच्या थोडी पुढे आली की बोट सोडा. काठी तिथेच थांबवू नका. तिचे टोक निशाण्याकडे जाऊन स्थिरावू द्या.

९. शिसे खाली येऊ लागले की तर्जनी फिरकीच्या कडेला हलकेच टेकवा. त्याने तंगूस आवरते, ढिले वेटोळे पडत नाही.

१०. कमान हाताने मिटा, मूठ फिरवून आपोआप मिटू देऊ नका. मग तंगूस एकदा ताणून घ्या आणि गुंडाळायला लागा. रिळातले निम्मे गुंते या एका सवयीने टळतात.

पहिल्या दिवशी पुतण्याचे शिसे टोपली सोडून चारही दिशांना गेले. एकदा तर आंब्याच्या झाडावर. तो चिडून आणखी जोर लावी. चाचा बांधावरून म्हणत, "ताकद निम्मी कर. काठी वाकली पाहिजे. ती सरळ होताना शिसं तीच नेते. तू फक्त तिला वाकव."

हे वाक्य आम्ही नंतर वर्गात विज्ञान शिकवताना वापरले. वाकलेली काठी म्हणजे ताणलेला धनुष्य. तिच्यात साठलेली ऊर्जा सुटते तेव्हा शिसे पळते. एकदम हिसका दिला तर काठीला पुरते वाकायला वेळच मिळत नाही. वेग हळूहळू वाढवला तर ती मुळापासून वाकते. म्हणून सत्तरीतला म्हातारा पोरासोरांपेक्षा लांब टाकताना दिसतो.

चूक कुठे झाली ते शिसेच सांगते

तिसऱ्या दिवशी चाचांनी बोलणे कमी केले. शिसे पडले की ते विचारत, "काय चुकलं?" आणि उत्तर पुतण्याने द्यायचे. हळूहळू त्याला कळू लागले:

शिसे आकाशात उंच गेले आणि जवळच पडले, म्हणजे बोट लवकर सुटले. शिसे पायाशी आपटले, म्हणजे उशिरा सुटले. डावीकडे गेले, म्हणजे काठी सरळ डोक्यावरून न येता उजवीकडून आडवी आली. तंगूस मध्येच खटकन तुटले, तर बहुधा फेकताना कमान आपोआप मिटली, किंवा शिशाच्या मानाने तंगूस बारीक होते. रिळावर पिंजलेल्या कापसासारखा गुंता झाला, तर मागच्या वेळी तंगूस ढिले गुंडाळले गेले होते.

आम्हाला शिक्षक म्हणून यात एक गोष्ट फार आवडली. चाचा एकदाही 'तू चुकलास' म्हणाले नाहीत. ते शिशाकडे बोट दाखवत. पोराची मान खाली न घालवता चूक दाखवायची ही रीत आपण किती वेळा पाळतो, हे ज्याने-त्याने स्वतःला विचारावे.

चौथ्या दिवशी दहातली चार शिशी टोपलीच्या आसपास पडली. पाचव्या दिवशी सात. पण धाकटी अजून शेताकडे फिरकली नव्हती. काठी दिसली की ती आत जाऊन बसे.

त्या संध्याकाळी चाचांनी तिला बोलावले. "मला एक माणूस हवा आहे," ते म्हणाले. "माझी नजर आता मागे वळत नाही. टाकणाऱ्याच्या मागे कोण आहे हे पाहणारा कुणीतरी पाहिजे. तो 'टाक' म्हणेल तेव्हाच काठी हलेल. तो गप्प राहिला तर मीसुद्धा काही बोलणार नाही. हे काम तू करशील?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारले, "मी नको म्हटलं तर दादाभाई थांबेल?"

"थांबेल," पुतण्या दारातून म्हणाला.

चांद तारीख आणि भरती

पाचवा दिवस संपला तेव्हा चाचांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "उद्या चांदाची सात. संध्याकाळी सहाला पाणी भरेल. असरनंतर निघू."

हा हिशेब वाचकांनाही उपयोगी पडेल. कोकणात जुने लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आपल्या हिजरी महिन्याची पहिली तारीख अमावास्येनंतर चांद दिसल्यावर धरली जाते, त्यामुळे चांद तारीख तिथीपेक्षा साधारण एकाने मागे असते. म्हणून चांद तारखेत एक मिळवायचा, बेरीज पंधराच्या वर गेली तर त्यातून पंधरा वजा करायचे आणि उरेल त्याची पाऊणपट करायची. चांदाची ७ असेल तर आठाची पाऊणपट सहा. चांदाची २१ असेल तर बावीस वजा पंधरा म्हणजे सात, सातची पाऊणपट सव्वापाच. दिवसातून दोनदा, साधारण त्याच सुमाराला पाणी भरते. हा अंदाज आहे, बंदरागणिक थोडा फरक पडतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रकही जवळ ठेवावे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याला ओढ कमी. नवशिक्या मुलांना भांगाच्या दिवशी नेणे चांगले.

या हिशेबात एक परीक्षाही दडलेली असते. चांदाच्या सातला पाणी भरते सहाला, आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे मगरिबही त्याच वेळेला. पाणी भरत येते तेव्हाच मासे काठाला चरायला येतात. म्हणजे गरीला ओढ लागायची वेळ आणि अजानची वेळ एकच! चाचांनी वाटेत मुलांना सूरह आराफमधील समुद्रकाठच्या त्या वस्तीची हकीकत सांगितली. शनिवारी मासेमारीला मनाई होती आणि नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर येत, इतर दिवशी येत नसत. ती माणसे त्या परीक्षेत उतरली नाहीत. "आपल्याला तर दिवसभर मोकळीक आहे," चाचा म्हणाले. "फक्त अजान झाली की काठी गुंडाळायची. मासा असो वा नसो."

धक्क्यावर

धक्क्यावर पोचल्यावर चाचांनी जागा ठरवली. विजेच्या तारा जिथून जातात तिथे उभे राहायचे नाही, कारण या काळ्या काठ्यांत कार्बन असतो आणि त्यातून वीज वाहते. ढगांचा गडगडाट झाला तर काठी खाली ठेवून घरी. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवायचा नाही, समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे नाही. लहानांच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. टोपी आणि चष्मा सगळ्यांनी घालायचा. साधा चष्माही डोळा वाचवतो. गरी लावलेली काठी घेऊन चालताना गरी काठीच्या कडीला अडकवून तंगूस ताणून ठेवायचे. बाणाचे टोक धरायचे ते असे.

धाकटी चाचांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली, पुतण्याच्या बाजूला, दोन काठ्यांच्या अंतरावर. त्याने काठी तयार केली आणि मोठ्याने विचारले, "मागे कोण?"

तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. एक माणूस सायकल घेऊन येत होता. ती गप्प राहिली. पुतण्या थांबला. सायकल गेली. आणखी एकदा पाहून ती म्हणाली, "टाक."

बिस्मिल्लाह म्हणून त्याने टाकले. सावकाश मागे, क्षणभर थांबून पुढे. शिसे लांब गेले आणि पाण्यात लहानसा आवाज झाला. चाचा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

तासाभरात दोन शिंगाळे मिळाले आणि एक तांबोशी. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो, तो कधी उघड्या हाताने धरू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टरांकडे जावे. एक तांबोशी अगदी हाताच्या बोटाएवढी आली. चाचांनी ती ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडायला लावली. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो.

एकदा काठी खाली ठेवली होती तेव्हा चाचांनी तंगूस डाव्या हाताच्या दोन बोटांत मागून घेतले. बराच वेळ डोळे मिटून बसले. "चाटतोय," ते हळूच म्हणाले. "अजून घेतली नाही." नंतर म्हणाले, "आता." पुतण्याने मूठ फिरवली. तीच ती मोठी तांबोशी.

मग अजान झाली. पाणी अगदी भरले होते आणि काठाशी मासे उसळत होते. पुतण्याने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा चाचांकडे, आणि रीळ गुंडाळायला लागला.

गरी टोचली तर

हे आम्ही मुद्दाम वेगळे लिहितो, कारण घाबरल्यावर माणूस चुकीचे करतो. गरीच्या टोकाला उलटा काटा असतो. तो आत गेला असेल तर ओढून काढू नये, मांस फाटते. तंगूस कापून टाका, गरी हलू देऊ नका आणि दवाखान्यात जा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ टोचली असेल तर गरीला हातच लावू नका. डोळा चोळू नका, पाण्याने धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी पेला उलटा धरून तो भाग झाका आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे न्या. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. मुलांना शिकवताना पक्कडीने गरीचा उलटा काटा दाबून सपाट करावा. चार मासे कमी मिळतील, पण गरी सहज निघेल.

जे मिळाले त्याचा हक्क

समुद्राची शिकार आणि तिचे अन्न आपल्यासाठी हलाल केल्याचे सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत सांगितले आहे. माशाला जबह करावे लागत नाही. पण म्हणून त्याला तडफडत ठेवण्याचीही मोकळीक मिळत नाही. जिवंत प्राण्याला नुसता नेमबाजीचा निशाणा करण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली आहे आणि जनावर जबह करतानाही सुरी धारदार ठेवून त्याला त्रास कमी द्यावा असे सांगितले आहे. म्हणून खायचा असेल तेवढाच मासा ठेवावा, लगेच बर्फात टाकावा, लहान सोडून द्यावा. फोटोसाठी मासा हातात धरून उभे राहणे ही आमच्या चाचांना न पटणारी गोष्ट आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण हा अनेक माशांच्या विणीचा काळ. काठीने गरवणारा त्या नियमात येत नसला तरी पावसाळ्यातला समुद्र आपल्याला परवडणारा नाही. त्या दिवसांत शेतातच टोपलीवर सराव करावा. आणि धक्क्यावर तुटलेले तंगूस टाकून येऊ नये. नायलॉनचे तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही, पक्ष्यांच्या आणि कासवांच्या पायात अडकते. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, आणि धक्का ही मासेमाराची वाटच आहे.

त्या रात्री दादींनी तांबोशीचे कालवण केले. काठीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण जेवण झाल्यावर तिचा ओला कपडा त्यांनीच दोरीवर वाळत घातला. गोड्या पाण्याने रीळ पुसून ठेवायला हवे, नाही तर खारे पाणी ते खाते, हे चाचांनी सांगण्याआधीच पुतण्या विहिरीकडे गेला होता.

सुट्टी संपली, आम्ही परतलो. भाऊ कुवेतला गेला. गावाहून फोन येतो तेव्हा चाचा सांगतात की पोरगा आठवड्यातून एकदा त्यांना खुर्चीसकट धक्क्यावर नेतो. तंगूस थोडा वेळ त्यांच्या डाव्या हातात असते.

इकडे धाकटी आता कुठेही, कुणी क्रिकेटची बॅट फिरवत असले तरी, आधी मागे पाहते. मे महिन्यात तिला स्वतः काठी धरायची आहे. सहा फुटांची घ्यावी असे चाचांनी कळवले आहे, आणि सोबत एक टोपलीही.